वायर कोणाची?

अमेरिकेतली शहरं सांगा म्हटलं तर आपल्या मेसमधलं कोणीही दहा-बारा नावं धडाधड म्हणून दाखवेल. न्यूयॉर्क, शिकागो, बॉस्टन, डलास... ज्यांचं जी.आर.ई. चालू आहे ते त्यात आणखी पाच-सहा युनिव्हर्सिटीची गावं जोडतील. चॅटनूगा हे नाव मात्र त्या यादीत येणार नाही. टेनेसी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, जॉर्जियाच्या सीमेला खेटून हे शहर वसलंय. २०२० च्या अमेरिकन जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १,८१,०९९. म्हणजे आपल्याकडचं एखादं जिल्ह्याचं गाव असतं तेवढंच.

तर या गावाने सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर केलं, की आमच्या हद्दीतल्या कुठल्याही घराला, दुकानाला, कारखान्याला हवं असेल तर सेकंदाला एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट मिळेल. अख्ख्या गावाला असा वेग देणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. त्याच वर्षी फेब्रुवारीत गूगलने ‘आम्ही असं नेटवर्क कुठेतरी टाकणार आहोत’ अशी नुसती घोषणा केली, तर हजारावर गावं अर्ज घेऊन त्यांच्यामागे धावली. गूगलचं कनेक्शन कॅन्सस सिटीत प्रत्यक्ष घराघरांत पोचायला २०१२ उजाडलं. आणि चॅटनूगात हे नेट दिलं कोणी? ए.टी. अँड टी.ने नाही, कॉमकास्टने नाही. गावाच्या लाइट बोर्डाने! होय, जे विजेचं बिल पाठवतात आणि खांबावर माणूस चढवतात, त्याच बोर्डाने. ‘इलेक्ट्रिसिटी बोर्ड’ आणि ‘फास्ट’ हे दोन शब्द एका वाक्यात वाचायची आपल्याला सवय नाही, त्यामुळे हे वाक्य दोनदा वाचलंत तरी हरकत नाही.

चॅटनूगाचं ‘गिग सिटी’ म्हणून कौतुक बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. धुराने काळवंडलेलं गाव हाय-टेक कसं झालं, वगैरे. गोष्ट खरीच आहे. पण मला त्यातला दुसरा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. लोकांच्या पैशातून सरकार जेव्हा ‘विकास’ विकत घेतं, तेव्हा शेवटी लोकांच्या हातात नक्की काय उरतं? चॅटनूगात या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरं एकाच काळात शेजारी-शेजारी उभी राहिली. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी थोडा इतिहास. टेनेसी नदी इथे मोठं वळण घेते आणि चारही बाजूंनी डोंगर. जवळच कोळसा, जवळच लोहखनिज आणि रेल्वेचं जंक्शन. मेकॅनिकलवाल्यांना पुढचं सांगायला नको! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून इथे फाउंड्र्या उभ्या राहिल्या. ओतीव लोखंडाचे पाइप, बॉयलर, शेगड्या. टो-ट्रकचा शोधसुद्धा १९१६ मध्ये याच गावातल्या एका गॅरेजवाल्याने लावला. कोका-कोला बाटलीत भरून विकायचे हक्क इथल्या दोन वकिलांनी १८९९ मध्ये फक्त एका डॉलरला मिळवले (आणि तो डॉलरही मालकाने कधी मागितला नाही म्हणतात). हा कोकचा पैसा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत शेकडो धुराडी असली की काय होतं? रात्री थंड हवा खाली बसते, तिच्यावर गरम हवेचं झाकण पडतं आणि धूर वर जायचा रस्ताच बंद होतो. याला इन्व्हर्जन म्हणतात. शिवाय गावाबाहेर सरकारचा टी.एन.टी. बनवण्याचा कारखाना होता. त्यातून नायट्रोजन डायॉक्साइड बाहेर पडे. आसपासच्या शाळांतल्या मुलांच्या फुप्फुसांवर त्याचा काय परिणाम होतो याचा अभ्यास साठच्या दशकाच्या शेवटी झाला. वायुप्रदूषणाच्या शास्त्रात तो आजही ‘चॅटनूगा स्टडी’ म्हणून ओळखला जातो. दिवसाढवळ्या गाड्यांचे हेडलाइट लावावे लागत. १९६९ मध्ये केंद्र सरकारच्या अहवालात हवेतल्या धूलिकणांच्या बाबतीत चॅटनूगा देशात सगळ्यात वाईट ठरलं आणि वॉल्टर क्रॉन्काइटने सी.बी.एस.च्या रात्रीच्या बातम्यांत ते साऱ्या अमेरिकेला सांगितलं. आता टीव्हीवर अख्ख्या देशासमोर इज्जत गेल्यावर कोण गप्प बसेल? त्याच वर्षी शहर आणि काउंटीने मिळून स्थानिक कायदा केला. सगळ्या मोठ्या कारखान्यांना ऑक्टोबर १९७२ ची मुदत दिली आणि कारखान्यांनी चारेक कोटी डॉलर खर्चून फिल्टर, स्क्रबर वगैरे बसवले. १९८९ पर्यंत हवा केंद्राच्या निकषात बसली.

इथपर्यंत गोष्ट छान वाटते. पण या मधल्या वर्षांत हवा साफ व्हायचं आणखी एक कारण होतं: कारखानेच बंद पडत होते! स्वस्त परदेशी माल, जुन्या मशिन्स, मंदी. १९८० मध्ये लोकसंख्या १,६९,५६५ होती, ती १९९० मध्ये १,५२,४६६ वर आली. दहा वर्षांत दर दहा माणसांमागे एक माणूस गाव सोडून गेला. म्हणजे हवा साफ, पण हाताला काम नाही.

मग १९८४ मध्ये ‘व्हिजन २०००’ नावाचा प्रकार झाला. वीस आठवडे जाहीर सभा. सतराशेपेक्षा जास्त सामान्य लोक आले, गावाला काय हवं ते त्यांनी सांगितलं आणि त्यातून चाळीस उद्दिष्टं निघाली. बेघर बायकांसाठी निवारा, नदीकाठ मोकळा करणं, पडीक घरांची दुरुस्ती अशी सगळी भेळ होती त्यात. खर्च केला लिंडहर्स्ट फाउंडेशनने, म्हणजे पुन्हा तो बाटलीतल्या कोकचाच पैसा. यातूनच १९९२ मध्ये नदीकाठी टेनेसी अॅक्वेरियम उभं राहिलं. समुद्रापासून शेकडो मैल लांब असलेल्या गावाने साडेचार कोटी डॉलर माशांवर घालवायचे, यावर भरपूर टिंगल झाली असणार. पण ते चाललं. त्याच वर्षी डाउनटाउनमध्ये फुकट बॅटरी-बस सुरू झाल्या आणि त्या बसही गावातच बनायच्या. मोडकळीला आलेला, १९७८ पासून वाहनांना बंद केलेला वॉलनट स्ट्रीटचा जुना लोखंडी पूल पाडायचं घाटत होतं. तो दुरुस्त करून १९९३ मध्ये फक्त चालणाऱ्यांसाठी उघडला. आज चॅटनूगाच्या प्रत्येक फोटोत हा निळा पूल असतो.

या पुलाबद्दल जाहिरातीत नसलेली एक गोष्ट सांगते. १९०६ मध्ये एड जॉन्सन नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाच्या फाशीला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली होती, तरी जमावाने त्याला तुरुंगातून ओढून काढलं आणि याच पुलावर ठार मारलं. तिथल्या शेरीफवर सुप्रीम कोर्टाने स्वतः खटला चालवला. त्या कोर्टाच्या इतिहासात असा फौजदारी खटला हा एकच. पुलाच्या दक्षिण टोकाला जॉन्सनचं स्मारक व्हायला २०२१ साल उजाडलं. गावाचा दक्षिण भाग, जिथे फाउंड्र्या होत्या आणि जिथे मुख्यतः कृष्णवर्णीय कामगार राहायचे, त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

आता मुख्य पात्र. ई.पी.बी., म्हणजे इलेक्ट्रिक पॉवर बोर्ड. १९३३ मध्ये रुझवेल्टच्या सरकारने टेनेसी व्हॅली अथॉरिटी काढली आणि धरणं बांधून स्वस्त वीज तयार करायला घेतली. ही वीज वाटायची कोणी? चॅटनूगाच्या लोकांनी ठरवलं, की आपणच. १९३५ मध्ये बोर्ड स्थापन झालं, आणि खाजगी वीज कंपनीकडून खांब-तारा विकत घेऊन १९३९ पासून बोर्डाने वीज द्यायला सुरुवात केली. नफा कमवायचा नाही, मालक गाव, वीज टी.व्ही.ए.कडून घाऊक घ्यायची आणि घरोघर पोचवायची. सत्तर वर्षांनंतर जे घडलं त्याचं मूळ या निर्णयात आहे असं माझं मत आहे. खांब गावाचे नसते तर पुढचं काहीच झालं नसतं.

लाइट गेल्यावर काय होतं ते हॉस्टेलवाल्यांना शिकवायला नको. झाडाची फांदी लाइनवर पडते, फीडर ट्रिप होतो, अर्ध्या गावात अंधार. फॉल्ट नक्की कुठे आहे हे सबस्टेशनमध्ये बसलेल्या माणसाला कळत नाही. त्याला कळतं ते लोकांच्या फोनवरून. मग वायरमन गाडी घेऊन निघतो आणि बॅटरीच्या उजेडात लाइन बघत बघत जातो. दोष दीडशे फुटांत असतो, पण अंधारात बसतात चार हजार घरं. ही परिस्थिती अमेरिकेतही होती आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे. ई.पी.बी.चे त्या वेळचे प्रमुख हॅरल्ड डीप्रीस्ट यांचं डोकं यावर चाललं. फीडरचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना ऑटोमॅटिक स्विच बसवायचा आणि हे स्विच एकमेकांशी बोलतील अशी सोय करायची. फॉल्ट आला की त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा स्विच उघडतो आणि तो तुकडा वेगळा पडतो. बाकीच्या तुकड्यांना दुसऱ्या फीडरकडून उलट्या बाजूने वीज मिळते. चार हजार घरांऐवजी शे-दोनशे घरं अंधारात. तीही कुठली, हे कंट्रोल रूमला आधीच माहीत, म्हणजे वायरमनची गाडी थेट त्याच खांबापाशी जाते.

इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी एक डिटेल. आपण शिकतो तो साधा रीक्लोजर काय करतो? ट्रिप झाल्यावर थोडा थांबतो आणि पुन्हा सरळ बंद होतो. फॉल्ट अजून तिथेच असेल तर पुन्हा पूर्ण फॉल्ट करंट वाहतो आणि ट्रान्सफॉर्मर, जोड, तारा सगळ्यांना दणका बसतो. ई.पी.बी.ने बसवलेले स्विच आधी व्होल्टेजच्या वेव्हवर योग्य क्षण साधून एक अगदी छोटी पल्स सोडतात आणि लाइन मोकळी आहे का ते चाचपतात. मोकळी असेल तरच बंद होतात. असे साधारण बाराशे स्विच, सहाशे चौरस मैलांच्या हद्दीत. आता इतके स्विच आणि दीड-पावणेदोन लाख स्मार्ट मीटर सतत बोलत राहणार, तर त्यांना भरवशाची लाइन हवी. म्हणून ऑप्टिकल फायबर. आणि फायबर एकदा प्रत्येक खांबावरून, प्रत्येक घरावरून गेलं, की विजेच्या कामासाठी त्याची क्षमता किती लागते? चिमूटभर! बाकीची रिकामी. मग त्यावर लोकांना इंटरनेट, टीव्ही, फोन का देऊ नये?

पैसा कुठून आला ते नीट बघण्यासारखं आहे. २००८ मध्ये ई.पी.बी.ने सुमारे २२ कोटी डॉलरचे बॉण्ड काढले. कर्जच ते, व्याजासकट फेडायचं. त्याच सुमारास केबल कंपन्यांची राज्य संघटना आणि कॉमकास्ट कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा असा, की वीजग्राहकांच्या पैशावर बोर्ड टीव्हीचा धंदा करतंय आणि आमच्याशी अन्यायाने स्पर्धा करतंय. मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता असं मला वाटतं. म्हातारी आजी, जिला इंटरनेटशी घेणंदेणं नाही, तिच्या लाइट बिलातून कोणाचं तरी व्हिडिओ गेमिंग का चालावं? पण हिशेब असा ठेवला होता, की वीज विभाग फायबरचा मालक आणि इंटरनेट विभाग त्याचा भाडेकरू. भाडेकरूने नियमित भाडं द्यायचं, स्वतःचं कर्ज स्वतः फेडायचं. दावे कोर्टात टिकले नाहीत. आणि धंदा चालला, त्यामुळे प्रत्यक्षात उलटंच झालं. इंटरनेटवाल्यांच्या भाड्यामुळे वीज विभागावरचा बोजा हलका झाला. म्हणजे आजीचाच फायदा!

२००८ च्या मंदीनंतर ओबामा सरकारने जो पैसा ओतला, त्यातून २००९ मध्ये ई.पी.बी.ला स्मार्ट ग्रिडसाठी ११.१६ कोटी डॉलरचं अनुदान मिळालं. दहा वर्षांत करायचं काम तीनेक वर्षांत उरकलं. नशीब म्हणा हवं तर. पण प्लॅन आणि अर्धं काम तयार असल्याशिवाय असं नशीब उघडत नाही हेही तितकंच खरं.

पहिले ग्राहक सप्टेंबर २००९ मध्ये जोडले गेले. २०१० मध्ये गिगाबिट जाहीर झालं तेव्हा त्याचा महिन्याचा दर होता ३५० डॉलर, आणि ते घेणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०१३ मध्ये तो दर सत्तर डॉलरवर आणला आणि मग खरी मजा सुरू झाली. २०१५ मध्ये दहा गिगाबिट, २०२२ मध्ये पंचवीस. शिवाय अपलोड आणि डाउनलोडचा वेग सारखाच. याचं महत्त्व ज्याने कोणी सबमिशनच्या रात्री दोन जी.बी.ची फाइल अपलोड करायचा प्रयत्न केलाय त्याला कळेल. कॉमकास्टनेही २०१५ मध्ये चॅटनूगात दोन गिगाबिट देऊ केलं. पाच वर्षांपूर्वी हीच कंपनी म्हणे, की एवढ्या वेगाची गरज कोणाला आहे!

आता यातला विनोद बघा. (विनोद म्हणायचं, बाकी रडायचीच गोष्ट.) टेनेसीच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे गावाच्या मालकीचं वीज बोर्ड इंटरनेट देऊ शकतं, पण फक्त आपल्या विजेच्या हद्दीत. ई.पी.बी.चा शेवटचा खांब जिथे संपतो त्याच्या पलीकडे राहणाऱ्या लोकांकडे धड इंटरनेटच नव्हतं. ते बोर्डाकडे अर्ज करत होते, बोर्ड द्यायला तयार होतं, पण कायदा नको म्हणत होता. २०१४ मध्ये ई.पी.बी.ने केंद्रातल्या एफ.सी.सी.कडे दाद मागितली. नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्सन या गावानेही तशीच मागणी केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये एफ.सी.सी.ने दोन्ही राज्यांच्या अटी रद्द ठरवल्या. टेनेसी राज्य त्याविरुद्ध अपिलात गेलं आणि ऑगस्ट २०१६ मध्ये सहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने एफ.सी.सी.ला तो अधिकारच नाही असा निकाल दिला. २०१७ मध्ये राज्याने नवा कायदा केला. त्यात ग्रामीण वीज सहकारी संस्थांना इंटरनेट द्यायची परवानगी आणि खाजगी कंपन्यांना अनुदान. शहरी बोर्डांना मात्र हद्द ओलांडायची मुभा तरीही नाही. तंत्रज्ञान तयार, पैसा तयार, ग्राहक तयार... आणि काम अडलं कशापाशी, तर कागदावरच्या एका रेषेपाशी. आपल्याला चार वर्षं लॅबमध्ये जे शिकवतात त्यात ही रेषा कुठल्याच सर्किट डायग्रॅममध्ये नसते.

हे झालं पहिलं उत्तर. दुसरं उत्तर म्हणजे फोक्सवॅगन.

तो टी.एन.टी.चा कारखाना आठवतोय ना? तो बंद झाल्यावर हजारो एकर सरकारी जमीन शहराने आणि काउंटीने ताब्यात घेऊन तिथे इंडस्ट्रियल पार्क केला. जुलै २००८ मध्ये फोक्सवॅगनने तिथे शंभर कोटी डॉलरचा कार कारखाना टाकायचं जाहीर केलं. दोन हजार नोकऱ्या. त्यासाठी राज्य आणि स्थानिक सरकारांनी मिळून दिलेल्या सवलती साधारण ५७.७ कोटी डॉलरच्या. त्यात जमीन, रस्ते, रेल्वे, ट्रेनिंग सेंटर आणि मालमत्ता करात दीर्घ सूट असं सगळं आलं. साधा भागाकार केला तर प्रत्येक नोकरीमागे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार डॉलर! २०११ मध्ये तिथून पसाट गाड्या बाहेर पडू लागल्या. आपल्याला हा प्रकार परका नाही. त्याच फोक्सवॅगनचा पुण्याजवळचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, आणि त्या आधी तो महाराष्ट्रात येतो की आंध्रात जातो यावरून झालेली ओढाताण घरच्या मोठ्यांना विचारलीत तर आठवेल. कंपनी एक, खेळ तोच, फक्त राज्यांची नावं वेगळी.

न्यायाने बोलायचं तर कारखान्याने दोन हजारांवर थांबून फसवलं असं नाही. पुढे एस.यू.व्ही. आली, २०२२ मध्ये इलेक्ट्रिक गाडी आली. २०२४ च्या युनियन निवडणुकीत मतदानाला पात्र कामगारच चार हजारांच्या वर होते. शिवाय सुटे भाग बनवणारे कारखाने, टपरीपासून घरांच्या बाजारापर्यंत सगळ्यांना गती मिळाली. पण ही गती कोणाच्या हातात आहे ते युनियनच्या भानगडीतून कळतं. कामगारांनी यू.ए.डब्ल्यू. ही युनियन आणायची की नाही यावर २०१४ मध्ये मतदान झालं. विरोधात ७१२, बाजूने ६२६. मतदानाच्या आधी राज्यातले पुढारी उघड सांगत होते, की युनियन आणलीत तर पुढच्या विस्ताराला सवलती मिळणं कठीण आहे. नंतर बाहेर आलेल्या कागदपत्रांत सुमारे ३० कोटी डॉलरच्या देकाराला अशी अटच जोडलेली सापडली, की कारखान्यातल्या कामगार मंडळाचा प्रश्न राज्य सरकारच्या समाधानाप्रमाणे सुटला पाहिजे. म्हणजे पैसा जनतेचा, तो दिला कंपनीला आणि त्याच्या जोरावर दम भरला कामगाराला, जो स्वतः कर भरतो! २०१९ मध्ये पुन्हा मतदान, पुन्हा हार, ८३३ विरुद्ध ७७६. शेवटी एप्रिल २०२४ मध्ये २,६२८ विरुद्ध ९८५ अशी युनियन जिंकली.

दोन्ही सौदे एकाच गावात, दोघांचीही मोठी सुरुवात २००८ मध्ये. एकात गावाने कर्ज काढलं, धोका पत्करला, आणि आज खांब, फायबर, स्विच, सगळं गावाचं आहे. दर किती ठेवायचा ते गाव ठरवतं. दुसऱ्यात गावाने पैसे सोडून दिले आणि कारखाना, मशिन्स, पुढची गाडी कुठे बनवायची याचा निर्णय, सगळं जर्मनीतल्या कंपनीचं. पहिलं चांगलं आणि दुसरं वाईट असं मी म्हणत नाही. नगरपालिका कार बनवू शकत नाही, आणि बनवली तर मी तरी त्यात बसणार नाही. पण दोन्हींना एकाच ‘विकास’ या शब्दाखाली टाकलं, की हा फरक दिसेनासा होतो.

ई.पी.बी.च्या पहिल्या दहा वर्षांचा फायदा किती, याचा हिशेब टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनूगा शाखेतले अर्थशास्त्रज्ञ बेंटो लोबो यांनी २०२० मध्ये मांडला. २६९ कोटी डॉलर आणि ९,५१६ नोकऱ्या. यात लाइट न गेल्यामुळे वाचलेलं नुकसानही धरलंय. आकडा मोठा आहे आणि दिशा मला पटते. पण त्याच दहा वर्षांत फोक्सवॅगन आली, अॅमेझॉनचं भलंमोठं गोदाम आलं, देश मंदीतून बाहेर पडला. कुठली नोकरी कुठल्या वायरमुळे, हे इतक्या बारकाईने वेगळं काढता येतं का? ९,५१६ मधला तो शेवटचा ६ मला जरा जास्तच आत्मविश्वासाचा वाटतो. लोकसंख्या मात्र खरंच वाढली. २०१० मध्ये १,६७,६७४ आणि २०२० मध्ये एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे.

आणि आता दक्षिण भाग. फाउंड्रीत साचे वाळूचे करतात हे वर्कशॉपला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ती वाळू वापरून वापरून खराब झाली की टाकून द्यावी लागते. चॅटनूगाच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांमध्ये ही वाळू वर्षानुवर्षं अंगणात भराव म्हणून टाकली गेली. स्वस्त, सपाट, झाडं लावायला सोयीची. तिच्यात शिसं होतं. फाउंड्र्या बंद पडल्या, मालक गेले, हवेतला धूर १९८९ पर्यंत साफ झाला, पण वाळू अंगणातच राहिली, आणि त्या अंगणात पोरं खेळत राहिली. शिसं लहान मुलांच्या मेंदूला काय करतं ते इथे वेगळं सांगत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे गिगाबिट येऊन आठ वर्षं झाल्यावर, केंद्राच्या पर्यावरण संस्थेने हा भाग सुपरफंडच्या राष्ट्रीय यादीत घातला. मग एकेका घराचं अंगण खणून माती बदलायचं काम. हे काम कुठलंही स्मार्ट स्विच करत नाही. त्याला जे.सी.बी. आणि फावडंच लागतं.

या वस्त्यांमधूनही फायबर जातं, कारण खांब सगळीकडे आहेत. पण दारावरून वायर जाणं वेगळं आणि महिन्याला साठ-सत्तर डॉलर भरता येणं वेगळं. हे उघडं पडलं २०२० मध्ये, कोविडमुळे शाळा बंद झाल्यावर. अमेरिकेतल्या सगळ्यात वेगवान इंटरनेटच्या गावात हजारो मुलांच्या घरी इंटरनेट नव्हतं. इथे मात्र वायर आपली असण्याचा उपयोग झाला. कोणाची मनधरणी करावी लागली नाही. जुलै २०२० मध्ये ई.पी.बी. आणि हॅमिल्टन काउंटीच्या शाळांनी मिळून योजना जाहीर केली. ज्या मुलांना शाळेत फुकट किंवा सवलतीत जेवण मिळतं, अशा सुमारे २८,००० मुलांच्या घरी १०० मेगाबिटचं इंटरनेट आणि राउटर, एक डॉलरही न घेता. शहर, काउंटी आणि खाजगी देणगीदार यांनी मिळून खर्च उचलला. योजना दहा वर्षांची आहे. २०२० मध्ये पहिलीत गेलेलं पोर ती संपेल तेव्हा अकरावीत असेल.